करारनाम्यातील 'विकास' : युरोपीय संघ व दक्षिण आफ्रिका यांच्यातील १९९९ च्या कराराची चिकित्सा

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात राष्ट्राराष्ट्रांमधील आर्थिक संबंधांना नवे वळण लागले. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि त्याच सुमारास एखादा प्रादेशिक संघ व एखादा एकटा देश यांच्यात होणाऱ्या करारांची संख्याही वाढू लागली. या करारांच्या शीर्षकांत 'व्यापार' या शब्दाच्या शेजारी 'विकास', 'सहकार्य', 'भागीदारी' असे शब्द येऊ लागले. हे शब्द करारातील कलमांत कितपत उतरतात आणि कलमांतून प्रत्यक्ष व्यवहारात कितपत पोहोचतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. ११ ऑक्टोबर १९९९ रोजी प्रिटोरिया येथे युरोपीय संघ व दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेला 'व्यापार, विकास व सहकार्य करार' हा या दृष्टीने अभ्यासावा असा दस्तऐवज आहे. १ जानेवारी २००० पासून तो तात्पुरत्या स्वरूपात व १ मे २००४ पासून पूर्णांशाने अंमलात आला. त्यातील व्यापारविषयक भागाची जागा २०१६ मध्ये दुसऱ्या कराराने घेतली. म्हणजे त्याच्या व्यापारी अंगाचे आयुष्य आज आपल्यासमोर संपूर्ण उलगडलेले आहे.

आपल्याकडील वाणिज्य व अर्थशास्त्र विषयांच्या लेखनात अशा करारांचे मूल्यमापन बहुधा आयात-निर्यातीच्या एकूण मूल्यावरून केले जाते. व्यापार वाढला म्हणजे करार यशस्वी झाला, असे समीकरण मांडून लेखक मोकळा होतो. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीतही व्यापार वाढला, हे नाकारता येत नाही. परंतु जो करार स्वतःस विकासाचा करार म्हणवून घेतो, त्याची परीक्षा त्याने स्वतः घेतलेल्या नावावरूनच झाली पाहिजे. प्रस्तुत लेखात ती परीक्षा करावयाची आहे.

मागितले काय आणि मिळाले काय :

एप्रिल १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले व नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. नव्या सरकारपुढे वर्णद्वेषी राजवटीने मागे ठेवलेली दुभंगलेली अर्थव्यवस्था होती. एका बाजूस आधुनिक खाणी, बँका व कारखाने, तर दुसऱ्या बाजूस पाणी, वीज व रोजगार यांपासून वंचित असा बहुसंख्य कृष्णवर्णीय समाज. या सरकारने युरोपकडे लोमे करारात प्रवेश मागितला. आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक प्रदेशांतील देशांना युरोपीय बाजारपेठेत एकतर्फी सवलत देणारा हा करार होता. त्यात परतफेडीची अट नव्हती.

युरोपने ही मागणी जशीच्या तशी मान्य केली नाही. दक्षिण आफ्रिका ही सर्वसाधारण विकसनशील अर्थव्यवस्था नाही, जागतिक व्यापार वाटाघाटींत तिची गणना विकसित देशांत झालेली आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. मार्च १९९६ मध्ये संघाच्या मंत्रिपरिषदेने वाटाघाटींसाठी जे निर्देश मंजूर केले, त्यांत परस्पर मुक्त व्यापार हाच पाया धरण्यात आला होता. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेला लोमे करारात प्रवेश मिळाला खरा, परंतु व्यापारी सवलती व युरोपीय विकास निधी या दोन्ही गोष्टी वगळून. पंगतीत पाट मांडावा आणि पान मात्र वाढू नये, असाच हा प्रकार होता.

युरोपच्या युक्तिवादात तथ्य अजिबात नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जोहान्सबर्गचा शेअर बाजार आणि लेसोथोचा डोंगराळ कुरणवाला यांना एकाच मापाने मोजणे अवघडच आहे. परंतु हा युक्तिवाद देशाच्या सरासरीवर उभा होता आणि वर्णद्वेषाने विभागलेल्या समाजात सरासरी हीच सर्वांत फसवी गोष्ट असते. सरासरीने पाहिले तर मध्यम उत्पन्नाचा देश दिसतो. वस्तुतः तेथे दोन देश एका सीमेत राहत होते आणि करार त्यांपैकी श्रीमंत देशाशी करण्यात येत होता.

टक्केवारीची असमानता :

कराराच्या समर्थकांचा मुख्य आधार म्हणजे त्यातील असमान वेळापत्रक. युरोपीय संघाने दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या सुमारे ९५ टक्के आयातीवरील जकात १० वर्षांत काढावयाची, तर दक्षिण आफ्रिकेने युरोपीय आयातीपैकी सुमारे ८६ टक्के आयात १२ वर्षांत मुक्त करावयाची, असे ठरले. दुर्बल पक्षाला कमी ओझे व अधिक मुदत, असे त्याचे वर्णन करण्यात आले.

हे वर्णन वरवर बरोबर आहे. मात्र टक्केवारी ही कोठून सुरुवात झाली ते सांगत नाही. युरोपची औद्योगिक मालावरील जकात १९९९ पूर्वीच बरीच खाली आलेली होती, तर दक्षिण आफ्रिकेची जकात उंच भिंतीसारखी उभी होती. वितभर कुंपण पूर्ण काढणाऱ्याच्या आणि पुरुषभर भिंतीचा मोठा भाग पाडणाऱ्याच्या कष्टांची तुलना टक्क्यांत कशी करणार? प्रत्यक्ष समायोजनाचे ओझे दक्षिण आफ्रिकेच्या कारखान्यांवर अधिक पडले. शिवाय शेतमालाच्या बाबतीत असमानता उलट दिशेने होती. युरोपने आपल्या शेतमाल आयातीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास भाग मुक्त केला, तर दक्षिण आफ्रिकेने ऐंशी टक्क्यांच्या आसपास. गोमांस, साखर, काही दुग्धजन्य पदार्थ व काही ताजी फळे युरोपने राखून ठेवली. ज्या क्षेत्रात दक्षिण आफ्रिकेची ताकद होती, नेमके तेथेच दार अर्धवट उघडले गेले.

मोटार उद्योगाचे उदाहरण मात्र वेगळे आहे व ते मांडले नाही तर चित्र एकांगी होईल. १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने स्वतःचा मोटार उद्योग विकास कार्यक्रम सुरू केला. निर्यात करणाऱ्या कारखान्यास आयातीवर जकातीची सूट, असे त्याचे सूत्र होते. करारामुळे युरोपचे दार उघडताच रॉसलिन, ईस्ट लंडन व यूटेनहेग (आताचे कारिएगा) येथील जर्मन कंपन्यांच्या कारखान्यांतून मोटारी युरोपात जाऊ लागल्या. हे यश खरे आहे. पण ते कराराचे की देशाच्या स्वतःच्या औद्योगिक धोरणाचे? करार नुसता असता व धोरण नसते, तर त्याच कंपन्यांनी जर्मनीत तयार झालेल्या मोटारी दक्षिण आफ्रिकेत विकल्या असत्या. युरोपातून येणाऱ्या प्रवासी मोटारीवर १८ टक्के जकात, तर अन्य देशांच्या मोटारीवर २५ टक्के, असा भेद त्यामुळे निर्माण झाला. भारतातून दक्षिण आफ्रिकेस मोटारी पाठविणाऱ्यांना हा सात टक्क्यांचा फरक चांगलाच परिचित आहे.

नावांचा वाद :

मार्च १९९९ मध्ये बर्लिन येथील युरोपीय शिखर परिषदेत कराराला मान्यता मिळाली. त्याआधी आणि त्यानंतरही तो ज्या कारणाने अडला, ते आजही वाचकास चकित करते. स्पेन व पोर्तुगाल यांनी 'शेरी' व 'पोर्ट' ही नावे दक्षिण आफ्रिकेच्या मद्योत्पादकांनी वापरू नयेत असा आग्रह धरला. ते मिटते न मिटते तोच इटलीने 'ग्रापा' व ग्रीसने 'ऊझो' या नावांचा प्रश्न उभा केला. ज्या देशात लक्षावधी लोकांना नळाचे पाणी नव्हते, त्या देशाशी होणारा विकासाचा करार मद्याच्या बाटलीवरील चिठ्ठीसाठी खोळंबला. मद्यविषयक स्वतंत्र करार जानेवारी २००२ मध्ये झाले.

या वादाची एक बाजू सहसा दुर्लक्षिली जाते. ही नावे दक्षिण आफ्रिकेत कोणी चोरून नेली नव्हती, युरोपीय वसाहतकारांनीच ती आपल्याबरोबर नेली होती. गोव्याच्या वाचकाला 'पोर्ट वाइन' हे नाव घरचे वाटते ते याच कारणाने. वसाहतीबरोबर आलेले नाव वसाहत संपल्यावर परत मागणे, हा व्यवहार कायद्याने योग्य ठरेल, परंतु त्याला विकास म्हणता येत नाही. बदल्यात युरोपने दरवर्षी ३२० लाख लिटर वाइन जकातमुक्त घेण्याचा कोटा दिला व मद्योद्योगाच्या पुनर्रचनेसाठी १५० लाख युरो देऊ केले. मासेमारीच्या बाबतीत तर दक्षिण आफ्रिकेच्या सागरी हद्दीत युरोपीय नौकांना प्रवेश आणि माशांवरील जकातीत सवलत, अशी सांगड घालण्याचा प्रयत्न झाला. तो दक्षिण आफ्रिकेने फलद्रूप होऊ दिला नाही. वाटाघाटींत ठामपणे नकार देता येतो, याचे हे उदाहरण होय.

सामाईक सातबारा :

कराराची सर्वांत गंभीर त्रुटी त्याच्या पानांत शोधून सापडत नाही, कारण ज्यांच्यावर अन्याय झाला ते त्या पानांत पक्षकार म्हणून नाहीतच. १९१० पासून दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, लेसोथो व स्वाझीलँड (२०१८ पासून एस्वातिनी) आणि पुढे नामिबिया हे एका जकात संघाचे सदस्य आहेत. संघाच्या सीमेवर एकच जकात आकारली जाते व जमा झालेली रक्कम ठरलेल्या सूत्रानुसार वाटली जाते. लेसोथो व स्वाझीलँड यांच्या सरकारी महसुलाचा फार मोठा हिस्सा, काही वर्षी निम्म्याहून अधिक, या वाटणीतून येत असे.

अशा परिस्थितीत दक्षिण आफ्रिकेने एकट्याने युरोपशी करार केला. जकात एकच असल्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात जकात न भरता उतरलेला युरोपीय माल शेजारच्या चारही देशांत पोहोचणार हे उघड होते. सामाईक सातबाऱ्यावरील जमिनीचा व्यवहार थोरल्या भावाने इतरांना न विचारता करावा, तसा हा प्रकार झाला. येथे दोष केवळ थोरल्या भावाचा नाही. खरेदीदाराला सातबारा सामाईक आहे हे पुरते ठाऊक होते. या चार देशांना युरोपीय बाजारपेठेत लोमे करारामुळे आधीच प्रवेश होता. १९९९ च्या करारातून त्यांना नवीन असे काही मिळाले नाही, मात्र जकातीचे उत्पन्न घटण्याचा व स्वस्त युरोपीय मालाशी स्पर्धेचा धोका त्यांच्या वाट्याला आला. ज्या सवलतीसाठी त्यांना पूर्वी परतफेड करावी लागत नव्हती, तिची परतफेड ते आता मागच्या दाराने करू लागले.

२००२ मध्ये जकात संघाचा नवा करार झाला आणि यापुढे कोणत्याही सदस्याने इतरांच्या संमतीवाचून तिसऱ्या पक्षाशी असा व्यवहार करू नये, असे त्यात ठरविण्यात आले. हे कलम १९९९ च्या अनुभवाचे अपत्य आहे. प्रादेशिक सहकार्याला उत्तेजन देणे हे युरोपने स्वतःचे उद्दिष्ट म्हणून त्या करारात लिहिले होते. प्रत्यक्षात तो करारच प्रदेशात फूट पाडून गेला, ही विसंगती कोणत्याही समर्थकाने समाधानकारकपणे स्पष्ट केल्याचे दिसत नाही.

विकासाचे प्रकरण :

कराराच्या विकासविषयक भागाची भाषा व्यापारविषयक भागाशेजारी ठेवून वाचावी. व्यापाराच्या भागात वस्तूंच्या याद्या आहेत, वर्षे आहेत, टक्के आहेत व वाद झाल्यास तो सोडविण्याची यंत्रणा आहे. विकासाच्या भागात दारिद्र्यनिर्मूलन, मूलभूत गरजा, लोकशाहीचे बळकटीकरण अशी उदात्त उद्दिष्टे आहेत आणि ती साधण्यासाठी उभय पक्ष सहकार्य करतील, असे आश्वासन आहे. पहिल्या भागाचा भंग झाला तर दाद मागता येते. दुसऱ्या भागाचा भंग झाला, हे सिद्ध कसे करावयाचे, हेच कळत नाही. दोन्ही भाग एकाच मुखपृष्ठाखाली असले, तरी ते एकाच वजनाचे नाहीत.

निधीची गोष्ट याहून थोडी बरी आहे. पुनर्रचना व विकासाच्या युरोपीय कार्यक्रमातून २००० ते २००६ या काळासाठी ८८.५५ कोटी युरोंची तरतूद करण्यात आली व युरोपीय गुंतवणूक बँकेने ८२.५ कोटी युरोंची कर्जमर्यादा ठरविली. २००७ ते २०१३ साठी ९८ कोटी युरो ठेवण्यात आले. हे आकडे मोठे वाटतात. तथापि, दक्षिण आफ्रिकेच्या वार्षिक सरकारी खर्चाच्या तुलनेत सर्व परकीय मदत मिळूनही दोन टक्क्यांच्या आतच राहत असे. तरी त्यातील एक प्रयोग खरोखर दखलपात्र ठरला. पाणीपुरवठा व स्वच्छता क्षेत्रातील 'मासिबांबाने' या कार्यक्रमात मदतीचा पैसा स्वतंत्र प्रकल्प-कार्यालयाकडे न देता सरकारच्या अंदाजपत्रकातच मिसळण्यात आला. त्यामुळे पैसा संपला की योजना बंद, हा मदतीच्या प्रकल्पांचा नेहमीचा रोग काही प्रमाणात टळला. 'विकास' हा शब्द करारात कोठे जिवंत दिसत असेल, तर तो अशा ठिकाणी. मात्र या निधीचा करारातील व्यापारी भागाशी कसलाही सांधा जोडलेला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. आयातीमुळे ज्या गावचा कारखाना बंद पडेल, त्याच गावात निधी पोहोचेल, अशी कोणतीही व्यवस्था त्यात नव्हती.

बौद्धिक संपदेविषयीच्या ४६ व्या कलमाचा येथे ओझरता उल्लेख आवश्यक आहे. या कलमात पेटंट इत्यादी हक्कांना सर्वोच्च आंतरराष्ट्रीय दर्जाचे संरक्षण देण्याचे बंधन आहे. कराराची बोलणी अखेरच्या टप्प्यात होती तेव्हा ३९ औषध कंपन्या व कंपनी-संघटना दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध तेथील न्यायालयात उभ्या होत्या. त्यांत युरोपीय कंपन्याही होत्या. एड्सने देश पोखरला जात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संयुक्त उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरच्या टीकेमुळे कंपन्यांनी तो दावा मागे घेतला. हा दावा ४६ व्या कलमामुळे उद्भवला असे कोणी म्हणणार नाही, तो आधीचाच होता. पण ज्या देशासमोर औषधाच्या किमतीचा प्रश्न जीवनमरणाचा झाला होता, त्याच्याशी विकासाचा करार करताना औषध स्वस्त करण्याचे कलम सुचू नये आणि पेटंट बळकट करण्याचे मात्र सुचावे, यावरून मसुदा कोणाच्या टेबलावर तयार झाला ते दिसते.

कोंबडीचे तंगडे :

करार कसा राबविला जातो हे पाहावयाचे तर कोंबडीइतके उपयुक्त उदाहरण नाही. युरोपीय ग्राहक कोंबडीच्या छातीच्या मांसाला भरपूर भाव देतो व तंगड्या-मांड्यांना फारसे विचारत नाही. पक्षी मात्र दोन्ही घेऊनच जन्माला येतो. छातीच्या विक्रीतच उत्पादनखर्च निघाल्यावर उरलेला भाग जी किंमत येईल ती घेऊन बाहेर पाठविणे युरोपीय उत्पादकास परवडते. दक्षिण आफ्रिकेत याच्या नेमके उलट. तेथील घराघरांत हाडासकट तंगडेच आवडीने खाल्ले जाते आणि गरीब कुटुंबाच्या आहारातील ते सर्वांत परवडणारे मांस आहे. म्हणजे एका बाजूचा उरलासुरला भाग दुसऱ्या बाजूचा मुख्य माल ठरतो.

करारानुसार युरोपीय कोंबडीवरील जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने हाडासकट तुकड्यांवरील सर्वसाधारण जकात १८ वरून ३७ टक्के केली, तेव्हा ती ब्राझीलला लागली, युरोपला नाही. सरकारने जर्मनी, नेदरलँड्स व ब्रिटन येथील मालावर मूल्यपातनविरोधी शुल्क बसविले. तरी युरोपातील अन्य देशांतून माल येतच राहिला. मग करारातच असलेल्या संरक्षक तरतुदीचा आधार घेण्यात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये चौकशी सुरू झाली, डिसेंबर २०१६ मध्ये १३.९ टक्के तात्पुरते शुल्क लागले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३५.३ टक्के अंतिम शुल्क लागू झाले. ते पुढे उतरत जाऊन २०२२ मध्ये संपणार होते. चौकशी एका कराराखाली सुरू झाली व निकाल दुसऱ्या कराराखाली लागला, कारण मधल्या काळात करारच बदलला होता. याच काळात, २०१७ च्या प्रारंभी, क्वाझुलू-नाताळ प्रांतातील हॅमर्सडेल येथे एका मोठ्या कंपनीने हजाराहून अधिक कामगारांना घरी पाठविले. तेवढ्यात युरोपात बर्ड फ्लूची साथ आली आणि अनेक देशांतून होणारी आयात आरोग्याच्या कारणावरून थांबली. जे कलमाला साधले नाही, ते विषाणूने काही काळ साधले.

या प्रकरणात एक प्रतिवाद प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागतो. आयात तंगडे स्वस्त असेल, तर ते खाणारा गरीबच आहे. शुल्क लावले की त्याच्या ताटातील तुकडा महागतो आणि लाभ मोजक्या मोठ्या कुक्कुटपालन कंपन्यांना होतो. आयातदारांचा हा दावा निव्वळ स्वार्थी म्हणून झटकून टाकता येणार नाही. देशातील कोंबडी उद्योग खरोखरच थोड्या हातांत एकवटलेला आहे. परंतु या उद्योगाच्या मागे मका व सोयाबीन पिकवणारा शेतकरी, कंपनीसाठी कराराने पक्षी वाढविणारा छोटा उत्पादक आणि कत्तलखान्यातील स्त्री-कामगार अशी लांब साखळी आहे. स्वस्त तुकडा विकत घेण्यासाठीही कोणाच्या तरी घरात पगार यावा लागतो. बेरोजगारी जेथे एवढी तीव्र आहे, तेथे ग्राहक आणि कामगार या दोन वेगळ्या व्यक्ती नसतात, बहुधा एकाच चुलीभोवती बसलेल्या असतात.

आमच्या मते येथील खरा दोष शुल्क असण्या-नसण्यात नसून काळाच्या हिशेबात आहे. संरक्षणाचा हक्क कागदावर होता. तो वापरण्यासाठी पुरावा गोळा करणे, चौकशी, सुनावणी, संयुक्त समितीशी विचारविनिमय या सर्वांतून जाता जाता अंतिम शुल्कापर्यंत अडीच वर्षे उलटली. त्यानंतर युरोपीय संघाने २०१९ मध्ये या शुल्काविरुद्ध कराराखालील पहिलाच वाद उपस्थित केला आणि २०२२ मध्ये पंचमंडळाने शुल्क कराराशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. निर्णय आला तेव्हा शुल्काची मुदत संपलेली होती. म्हणजे दोन्ही पक्षांना कायदा मिळाला, पण वेळेवर कोणालाच मिळाला नाही. उशिराची झळ मात्र दोघांना सारखी नसते. मोठा निर्यातदार दुसरी बाजारपेठ शोधतो, हॅमर्सडेलच्या कामगाराला दुसरे हॅमर्सडेल नसते.

२०१६ नंतर :

१० जून २०१६ रोजी बोट्स्वानातील कसाने येथे युरोपीय संघ आणि दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, लेसोथो, नामिबिया, स्वाझीलँड व मोझांबिक यांच्यात आर्थिक भागीदारी करार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून तो तात्पुरता लागू झाला. मोझांबिकसाठी २०१८ मध्ये झाला. सामाईक सातबाऱ्याचे सर्व वारस या वेळी सहीला हजर होते, ही १९९९ च्या तुलनेत निश्चित सुधारणा आहे. वाइनचा जकातमुक्त कोटा वाढून वर्षाला ११ कोटी लिटर झाला. साखरेला दीड लाख टनांचा कोटा मिळाला. 'रुइबोस' या दक्षिण आफ्रिकी वनस्पतीच्या नावाला युरोपात संरक्षण देण्याचे ठरले. एकेकाळी ज्यांच्याकडून नावे परत मागण्यात आली, त्यांच्याही एका नावाची नोंद झाली.

परंतु जकात शून्यावर आली म्हणजे दार उघडले, असे समजण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. दक्षिण आफ्रिका हा संत्री-लिंबूवर्गीय फळांच्या निर्यातीत स्पेनखालोखाल जगातील प्रमुख देश आहे. या फळांवरील काळ्या डागाचा रोग व फळ पोखरणारी एक अळी यांचे कारण देऊन युरोपने तपासणीचे व शीतप्रक्रियेचे नियम कडक केले. हे नियम शास्त्राला धरून नाहीत, असा दक्षिण आफ्रिकेचा आक्षेप आहे. कराराखाली तो सुटला नाही, म्हणून अळीच्या नियमाविरुद्ध २०२२ मध्ये व काळ्या डागाच्या नियमाविरुद्ध २०२४ मध्ये त्या देशाने जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली. स्पेनचा बागायतदार हाच या फळांचा स्पर्धक आहे, हे लक्षात घेतले की नियमांच्या कडकपणाबद्दल शंका येणे स्वाभाविक ठरते. रोगाची भीती सर्वस्वी खोटी आहे असेही म्हणता येत नाही, आणि वाद अवघड होतो तो नेमका त्यामुळेच.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगावे लागणार नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यामुळे भारतीय द्राक्षांची युरोपीय बाजारात कोंडी झाली, तेव्हा अडथळा जकातीचा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील हेक्स नदीच्या खोऱ्यातील द्राक्षे व नाशिकची द्राक्षे हंगामाच्या काही आठवड्यांत युरोपातील त्याच दुकानांत शेजारी शेजारी असतात. एकाला कराराची सवलत आहे, दुसऱ्याला ती नव्हती, तरी अवशेषांच्या तपासणीसमोर दोघेही सारखेच.

अलीकडे या संबंधांत 'हरित' हे विशेषण दाखल झाले आहे. २०२१ मध्ये कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्यासाठी युरोपीय संघ व अन्य काही देशांनी दक्षिण आफ्रिकेला ८.५ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. त्यातील बहुतांश रक्कम कर्जरूप होती, अनुदान अल्प होते. मार्च २०२५ मध्ये केपटाउनच्या शिखर बैठकीत युरोपने ४.७ अब्ज युरोंची योजना घोषित केली व स्वच्छ व्यापार-गुंतवणूक भागीदारीची बोलणी सुरू केली. त्याच वेळी पोलाद, ॲल्युमिनियम आदी मालाच्या उत्पादनात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावर सीमेवरच आकार घेणारी युरोपीय यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून पूर्णतः लागू व्हावयाची होती. दक्षिण आफ्रिकेची वीज मुख्यतः कोळशावर चालते. म्हणजे मदत एका खात्याकडून येणार आणि आकार दुसरे खाते घेणार. मदतीची रक्कम इच्छेवर, आकार मात्र नियमावर. १९९९ च्या मसुद्यात दोन भागांचे वजन वेगवेगळे होते, ते इथेही तसेच आहे.

भारत व युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये खुंटली आणि २०२२ मध्ये पुन्हा मार्गी लागली. आपल्या अभ्यासकांनी त्या कराराचा मसुदा वाचताना जकातीच्या परिशिष्टापूर्वी तीन ठिकाणे उघडून पाहावीत : संरक्षक शुल्क किती दिवसांत लावता येईल, वनस्पती-आरोग्याच्या नियमांवरील वाद कोण व किती मुदतीत सोडवील, आणि 'सहकार्य' या शीर्षकाखालील कोणत्या वाक्याचा भंग झाल्यास दाद मागता येईल.